अंगणातले खेळ: कोणते तरले, कोणते बुडाले

लहानपणच्या खेळांवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक उसासे टाकत. गोट्या गेल्या, भोवरे गेले, विटीदांडू गेला, मोबाइल आला, संपलं. यातलं खोटं काही नाही, पण चित्र अपुरं आहे. खो-खो गेलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले. भोंडलाही गेलेला नाही. पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये तो आता फलक आणि ध्वनिक्षेपक लावून होतो. सूरपारंब्या मात्र गेल्या. काचापाणी म्हणजे काय, हे आज चाळिशीतल्या माणसालाही समजावून सांगावं लागतं. एकाच अंगणातले हे खेळ. काही तरले आणि काही बुडाले ते कशामुळे? मोबाइलला शिव्या घालून याचं उत्तर मिळत नाही, कारण यातले बरेचसे खेळ मोबाइल येण्याच्या पुष्कळ आधीच बंद पडले होते.

ते चालत आले होते मात्र फार लांबून. तुकारामांची गाथा उघडली की विटीदांडू, हमामा, हुंबरी, फुगडी, चेंडूफळी, मृदंगपाट्या (म्हणजेच आट्यापाट्या) अशा खेळांच्या नावांनीच अभंग सापडतात. एकनाथांच्या भारुडांतही खेळांची रेलचेल आहे. संतांना सांगायचा होता परमार्थ, पण खेळाचं रूपक लागू पडायचं तर ऐकणाऱ्याला त्या खेळाचे नियम ठाऊक हवेत. म्हणजे सतराव्या शतकातल्या देहूत आट्यापाट्या कुणाला समजावून द्याव्या लागत नव्हत्या. विटीदांडूत वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजत जातात, ते आकडे तेलुगू-कानडीशी नातं सांगणारे. तेव्हा हा खेळ ‘अस्सल मराठी मातीतला’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी जरा बेतानं घ्यावं. आणखी मागे जायचं तर नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेली ब्राँझची शिल्पं आठवतात: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, ओढता यावीत अशी घडवलेली. त्यांना कुणी खेळणी म्हणतात. पण चारांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर! ती देवाधर्माची, मिरवणुकीची असावीत हेच जास्त पटतं. चाकांवरचं जनावर दोरीनं ओढायची हौस मात्र आजही विदर्भात तान्ह्या पोळ्याला दिसते. लाकडी बैल सजवून पोरं घरोघर हिंडतात आणि बोजारा मागतात.

या खेळांचा सर्वांत मोलाचा भाग साहित्यात नव्हता. गोटी, खापराचा तुकडा, काठी, बिट्टी यांना किंमत ती किती? मोलाचा होता तो पोरांनी पोरांसाठी केलेला कायदा. खेळाआधी चकायचं, शेवटी जो उरेल त्याच्यावर राज्य. दम लागला, चप्पल तुटली, आईची हाक आली, तर मूठ वळून ‘टॅम्प्लीज’ म्हणायचं. मग कुणी हात लावू शकत नसे. धाकट्या भावंडाला कुणाच्या गळ्यात बांधलं असेल तर तो कच्चा लिंबू. तो धावेल, ओरडेल, बाद मात्र होणार नाही आणि त्याच्यावर राज्यही येणार नाही. लहानग्याला बाहेरही काढायचं नाही आणि त्याच्यापायी खेळही बिघडू द्यायचा नाही, अशी ही तोड. मोठ्या माणसांच्या कित्येक संस्थांना ती अजून जमलेली नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला कोर्ट नव्हतं, पण उद्या त्याला कुणी भिडू म्हणून घेत नसे, आणि तेवढी शिक्षा पुरत असे.

हा कायदा आळीआळीला बदले. आमच्याकडे लगोरीत एका टप्प्यात झेललेला चेंडू चाले, पलीकडच्या आळीत चालत नसे. सुट्टीत मामे-आतेभावंडं आली की पहिला अर्धा तास खेळापेक्षा नियमांवर जाई. गोट्यांत हरलेल्यानं कोपरानं गोटी ढकलत गलीपर्यंत न्यायची की ढोपरानं, भोवऱ्यात हरलेला भोवरा रिंगणात ठेवून त्याला आरेचे किती टोचे मारायचे, हे सगळं स्थानिक. मारामाऱ्या होत, कट्ट्या होत, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच भिडू.

आता बुडालेल्यांकडे. सूरपारंब्यांना वड लागतो, तोही हाताला येतील अशा पारंब्यांचा. झाडाखाली रिंगण आखायचं, एकानं पायाखालून काठी लांब भिरकावायची, राज्य असलेल्यानं ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढून बसायचं. मग वर माकडं आणि खाली पाठलाग. वरून उडी मारून काठीला हात लावला की सुटका. रस्ता रुंद झाला, वड पडला आणि खेळही त्याच्याबरोबर गेला. दुसरं झाड लावून तो परत आणता येत नाही, कारण पारंब्या खाली यायला एका मुलाचं अख्खं बालपण पुरत नाही. विटीदांडूला उकरता येईल अशी माती लागते. गल नसली तर विटी कोलणार कुठून? गोट्यांचंही तेच. पुण्यातले वाडे पडून तिथे इमारती उभ्या राहिल्या, अंगणाला फरशी आणि पुढे पेव्हर ब्लॉक आला, उरलेल्या जागेत स्कूटरी आणि मग मोटारी लागल्या. मातीवर जगणारे खेळ तिथेच संपले. मागे राहिलेल्या फरशीवर एकच खेळ चालत होता, तो म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. १९७२ च्या ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १९८३ मध्ये कपिलदेवच्या संघानं विश्वचषक जिंकला, आणि गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर खडूचे तीन स्टंप उमटले. माझं मत विचाराल तर विटीदांडूला पेव्हर ब्लॉकनं आणि क्रिकेटनं मिळून मारलं. मोबाइल आला तो दिवस घालायच्या वेळी. आणि विटीबद्दल अगदीच हळवं होण्याचं कारण नाही. दोन्ही टोकांना तासलेलं ते लाकूड कुणाच्या डोळ्यात गेल्याची कहाणी बहुतेक गावांत ऐकायला मिळते.

तरलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्या-बडोद्याच्या सुशिक्षितांना असं वाटू लागलं की इंग्रजी खेळांना नियमांची पुस्तकं आहेत, सामने आहेत, ढाली आहेत. आपल्या खेळांना का नसावीत? १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या समितीनं खो-खोचे नियम ठरवले, १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्यानं नियमावली छापली. हुतूतूचे नियमही याच सुमारास बांधले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि तिथे त्यांनी देशी खेळ करून दाखवले. हिटलरच्या बर्लिनमध्ये वऱ्हाडातले गडी दम घेत आहेत, हे दृश्य आजही विलक्षण वाटतं.

नियम बांधले जातात तेव्हा काय होतं ते हुतूतूत स्वच्छ दिसतं. या खेळाचे निदान तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत येई. गामिनीत एकदा मेला तो मेला. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजत. नियमावलीनं संजीवनीला कौल दिला, नावही देशभर कबड्डी हे एकच झालं, आणि बाकीचे प्रकार मागे पडले. बदल्यात मिळालं ते थोडं नव्हतं. गिरणगावातल्या लालबाग-परळच्या मंडळांनी हा खेळ जिवापाड जपला. शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या माणसानं आयुष्य त्यात घातलं, आणि त्यांचा जन्मदिवस १५ जुलै राज्यात कबड्डीदिन म्हणून पाळला जातो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळालं. २०१४ पासून प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर आली: गादी, दिवे आणि चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ. पूर्वी चढाई किती चालणार हे गड्याच्या छातीतला दम ठरवत असे. आता दम असला तरी घड्याळ थांबत नाही. मला ती जुनी अनिश्चितता आवडायची. पण दमावर पंच आणि गडी किती वेळ भांडत, तेही आठवतं.

नियमावली झाली की खेळ तरतोच, असं मात्र नाही. आट्यापाट्यांचेही नियम झाले, पाट्या आखल्या गेल्या, स्पर्धा भरल्या, तरी हा खेळ मैदानाबाहेर फारसा पोचला नाही. पाटी धरणाऱ्याला हुलकावणी देऊन पलीकडे जायचं आणि लोण घेऊन परत यायचं, हा त्यातला थरार खेळणाऱ्याला कळतो, बाहेर उभ्या असलेल्याला फारसा नाही. कबड्डीतली पकड कुणालाही कळते. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे संघ सगळा बाद झाला की आजही कबड्डीत ‘लोण’ म्हणतात. लगोरी, लंगडी शाळेच्या क्रीडादिनापुरत्या उरल्या आहेत.

बायकांच्या खेळांनी तिसरीच वाट धरली. मंगळागौरीचे खेळ हे श्रावणातल्या मंगळवारी, नव्या लग्न झालेल्या मुलीच्या घरी रात्र जागवताना खेळायचे: झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं, लाट्या, फुगडीचे नाना प्रकार. सासुरवाशिणीला वर्षभरात मोकळेपणानं घाम गाळायची आणि गाण्यातून सासूचे वाभाडे काढायची मुभा असलेली ही एकच रात्र. एकत्र कुटुंब आणि मोठा वाडा गेला तेव्हा हे खेळही जायला हवे होते. गेले नाहीत, ते मंचावर चढले. एकसारख्या नऊवारीतले, मानधन घेणारे मंगळागौरीचे गट आज मुंबई-पुण्यात सहज सापडतात, आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही हा कार्यक्रम हमखास असतो. २०२३ मध्ये केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटानं मंगळागौरीच्या स्पर्धेभोवती गोष्ट गुंफली आणि चित्रपटगृहांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. फरक एवढाच की पूर्वी खेळायला न येणारीही रिंगणात ओढली जाई, आता ती खुर्चीवर बसून टाळ्या वाजवते. भोंडला-हादग्याचं, खानदेश-विदर्भातल्या भुलाबाईचं त्या मानानं बरं चाललंय, कारण फेर धरायला सराव लागत नाही आणि खिरापत ओळखायची गंमत सगळ्यांनाच येते. ज्यांना मंचही मिळाला नाही आणि नियमावलीही, ते बैठे खेळ मात्र गुपचूप गेले. सागरगोटे, बिट्ट्या, आणि काचापाणी: फुटक्या बांगड्यांचे तुकडे जमिनीवर टाकायचे आणि एकाला दुसऱ्याचा धक्का न लागू देता बोटानं वेगळे करायचे. काचेच्या बांगड्याच रोजच्या वापरातून गेल्या; खेळ कशावर टिकणार? पिवळ्या कण्हेरीच्या त्या बिट्ट्या विषारी असतात हे ठाऊक असूनही आयांनी त्या मुलींच्या हाती कशा दिल्या, याचं मला आजही नवल वाटतं.

खेळणी हा या विषयातला सर्वांत फसवा भाग. आठवणींत ती फार दिसतात, प्रत्यक्षात फार थोड्यांकडे होती. बहुतेक पोरांचं खेळणं म्हणजे सायकलचा जुना टायर आणि काठी, सोडाबाटलीचं ठेचून सपाट केलेलं झाकण आणि त्याला दोन भोकं पाडून ओवलेला दोरा, काडेपेट्यांचे छाप, सिगारेटची रिकामी पाकिटं. चिंचोके घासून अर्धे केले की फासे तयार. विकतचं खेळणं वर्षातून एकदा जत्रेत मिळे: पिपाणी, भिरभिरं, ओढली की टकटक वाजणारी डमरूगाडी, दाबला की टिक-टिक करणारा पत्र्याचा बेडूक, वात लावली की परातीतल्या पाण्यात फटफट करत फिरणारी पत्र्याची होडी. त्या होडीची धार बोटाला हमखास कापायची, आणि पिपाणी घरी पोचेपर्यंत बंद पडलेली असायची.

हाताने घडवलेल्या चांगल्या खेळण्यांची परंपरा महाराष्ट्रात होती, ती सावंतवाडीत. तिथल्या चितारआळीत पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची रंगीत फळं, बैलगाड्या, पाळण्यावर टांगायची चिमणाळी, भातुकलीची भांडी घडत आली. इथलाच गंजिफा हा पत्त्यांचा खेळही, दशावतारी गंजिफेचा संच १२० गोल पानांचा, प्रत्येक अवताराची बारा पानं. ही कला मरणपंथाला लागली असताना सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती सावरली. आज सावंतवाडीची फळं विकली जातात, पण जास्त करून काचेच्या कपाटासाठी. पुण्याच्या तुळशीबागेतल्या पितळी भातुकलीचंही तेच झालं. बंब, पाटा-वरवंटा, शेवेचा सोऱ्या, सगळं इवलंसं आणि हुबेहूब. घेणारी बाई पन्नाशीची, स्वतःसाठी घेणारी. नातीला त्यातला बंब म्हणजे काय हेच माहीत नसतं. जे भांडं घरात दिसत नाही, त्याची लुटुपुटीची नक्कल मूल का करील? आजची नात भातुकलीत कुरिअर घेते, गॅसचा सिलिंडर बुक करते, आणि ती भातुकलीच आहे.

कारखान्यातली खेळणी मध्यमवर्गीय घरात शिरली ती प्रामुख्यानं ऐंशीच्या दशकात. फनस्कूल ही कंपनी १९८७ मध्ये सुरू झाली आणि गोव्यातल्या तिच्या कारखान्यातून डबाबंद खेळणी बाजारात आली. मेकॅनिक्सचे भोकाभोकांचे पत्रे आणि नटबोल्ट, ‘व्यापार’च्या पटावर कागदी नोटांनी घेतलेल्या जागा, बबलगममधून निघणारी क्रिकेटपटूंची कार्डं, आणि १९९१ नंतर टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम. पुढे स्वस्त चिनी प्लॅस्टिकचा लोंढा आला. केंद्र सरकारनं २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेलं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली, हे योग्यच झालं. प्रयोगशाळेच्या चाचणीचा खर्च चितारआळीला पेलणारा नव्हता.

यात एका माणसाचं काम मला वेगळं वाटतं. अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून भूमिती शिकवायला सुरुवात केली. पुढे पुण्याच्या आयुका या संशोधनसंस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात टाकाऊतून शेकडो खेळणी केली आणि ती कशी करायची हे सगळ्यांना फुकट खुलं ठेवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. झाकणाची भिंगरी करणाऱ्या पोरांची विद्या त्यांच्याकडे शाळेत जाऊन बसली. जुन्यातलं काय उचलावं आणि कसं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. दिवाळीतला मातीचा किल्लाही असाच टिकून आहे. दगड-माती रचून वर अळीव पेरायचे, बुरुजावर मावळे, माचीवर महाराज. बाजारात तयार किल्ले मिळू लागले तरी ज्यांना चिखलात हात घालायचा असतो ती पोरं अजून घालतातच. पतंगही उरलाय, पण काय रूपात! राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घालूनही नायलॉनचा मांजा विकला जातो आणि संक्रांतीच्या आसपास गळे कापले जातात.

आठवणींच्या लेखांत एक गोष्ट सहसा येत नाही. ‘आम्ही दिवसभर हुंदडायचो’ यातल्या आम्हीत मुली फार दिवस नसत. नहाण येण्याच्या सुमाराला त्या अंगणातून स्वयंपाकघरात जात, आणि ज्यांनी खो-खो सोडला नाही त्यांना तो घरच्यांशी भांडून खेळावा लागला. गावात खेळ सगळ्यांचे असले तरी भिडू सगळे नसत. कुठल्या आळीची पोरं कुठल्या वडाखाली येतील, हे पोरांनी ठरवलेलं नव्हतं. पोरांचा कायदा कितीही न्यायी असला तरी त्याच्या हद्दी मोठ्यांनी आखून दिलेल्या होत्या. म्हणूनच मराठी मुली खो-खोच्या विश्वचषकात धावतात तेव्हा मला जुन्या अंगणापेक्षा ते मैदान बरं वाटतं.

बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढून देशी खेळांची फार मोठी नोंद करून ठेवली, तर सरोजिनी बाबरांनी बायकांची गाणी आणि रीती जमा केल्या. त्यांनी ज्यांच्याकडून ऐकलं ती पिढी आता नाही, पण नंतरची अजून आहे. तेव्हा या दिवाळीत किंवा मेच्या सुट्टीत घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसापुढे वही घेऊन बसा. कुठल्या गावात, कुठल्या सालच्या सुमाराला, कुठला खेळ, भिडू किती, चकायचे शब्द कोणते, बाद केव्हा, हरलेल्याला शिक्षा काय, सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. काचापाणी आणि सूरपारंब्यांपासून सुरुवात करा, कारण त्यांना ना नियमावली मिळाली ना मंच.